भेगेपाशी थबकलेले मूळ

पौषात मंगळवेढ्याच्या काळ्या रानातून चालताना नजर कणसांकडे जाते, पण त्या पिकाचे काय होणार हे पायाखाली ठरत असते. परतीचा पाऊस ऑक्टोबरातच सरलेला असतो. त्यानंतर रब्बी ज्वारीला जे पाणी मिळते ते जमिनीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीचे. ओल खाली उतरत जाते तशी भारी काळी माती आक्रसते आणि तिला भेगा पडतात. मनगट सहज आत जाईल इतक्या रुंद, हातभर खोल. वाकून आत पाहिले तर मुळे दिसतात. एका बाजूच्या मातीतून बाहेर आलेली, मधली पोकळी ओलांडून पलीकडच्या मातीत शिरलेली.

पोकळीतून जाणारे मूळ एक विलक्षण गोष्ट करते. सातू आणि मका यांच्या मुळांवरच्या प्रयोगांतून 2018 साली ती नीट दाखवली गेली. पाण्याशी संपर्क तुटला की मूळ उपमुळे फोडणे थांबवते आणि पुन्हा ओल लागली की फोडू लागते. जिथे पाणी नाही तिथे अन्न खर्च करायचे नाही, असा हा हिशोब आहे. मुळाला मेंदू नाही, डोळे नाहीत. पेशींच्या काही थरांत हा निर्णय होतो आणि मूळ जिवंत असतानाच होतो. तेच मूळ उपटून, फॉर्मॅलिनमध्ये बुडवून, ब्लेडने काप घेऊन सॅफ्रॅनिनने रंगवले तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या सुंदर रांगा दिसतील, पण निर्णय दिसायचा राहून जाईल.

हे पुस्तक वनस्पतीची पेशी जिवंत असताना, तिचे काम चालू असताना पाहण्याविषयी आहे. त्यासाठी गेल्या तीस वर्षांत जे साधन हाती आले ते म्हणजे फ्लुरोसंट प्रथिने : पेशीने स्वतःच तयार केलेली आणि ठरावीक रंगाचा प्रकाश पडला की हिरवी, पिवळी किंवा लाल चमकणारी. सोलापूरसारख्या जिल्ह्यातल्या वाचकासाठी हा विषय दूरदेशीची नवलाई नाही, असे मला मनापासून वाटते. आपल्या शेतातले कितीतरी जुने प्रश्न आता या वाटेने विचारता येतात.

भेगेतल्या मुळाचेच पाहू. 2022 साली पूनम मेहरा, बिपिन पांडे, माल्कम बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठातून ‘सायन्स’ या नियतकालिकात या कोड्याचा उलगडा मांडला. एरवी मुळात पाणी बाहेरून आत जाते : मातीतून बाह्यत्वचेत, तिथून एकेक थर ओलांडत मध्यभागी. या प्रवाहाबरोबर ऑक्झिन हे संप्रेरकही आत सरकते आणि ते आतल्या थरापर्यंत पोहोचले की उपमुळाचा पाया पडतो. शेजारशेजारच्या पेशींच्या भिंतींत प्लाझ्मोडेस्माटा नावाच्या अतिसूक्ष्म वाटा असतात. ही सारी ये-जा त्यांतून चालते. मूळ पोकळीत आले की बाहेरचे पाणी तुटते. आता वाढत्या टोकाला पाणी पुरवते ती आतली रसवाहिनी, म्हणजे प्रवाह आतून बाहेर असा उलटतो. त्याच्याबरोबर अॅब्सिसिक आम्ल बाहेरच्या थरांकडे येते. पाण्याचा ताण पडला की वनस्पती ज्या संप्रेरकावर भिस्त ठेवतात ते हेच. ते आले की प्लाझ्मोडेस्माटाच्या वाटा बंद होतात, ऑक्झिन बाहेरच अडकते आणि उपमूळ फुटत नाही. टोक पुन्हा ओल्या मातीत शिरले की वाटा मोकळ्या होतात आणि थांबलेले काम सुरू होते.

हे वाचताना कोणत्याही विद्यार्थ्याच्या मनात येईल की ऑक्झिन तर रंगहीन, अत्यल्प प्रमाणातले, मग ते अमुक थरात अडकले हे कळले कसे? त्याचे उत्तर म्हणजे या पुस्तकाचा गाभा. ऑक्झिन आले की पेशी काही ठरावीक प्रथिने मोडून टाकते. अशा प्रथिनाचा जो तुकडा ऑक्झिनमुळे मोडला जातो तो पिवळ्या चमकणाऱ्या प्रथिनाला जोडून 2012 साली एक रोप तयार करण्यात आले. पेशीत ऑक्झिन वाढले की पिवळी चमक विझते, घटले की ती परत येते. अॅब्सिसिक आम्लासाठीही असे संवेदक आहेत. त्यांत दोन रंगांची प्रथिने जवळजवळ बसवलेली असतात आणि आम्ल चिकटले की एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी ऊर्जा बदलते, त्यामुळे दोन रंगांचे प्रमाण बदलते. केंब्रिजमधल्या सेन्सबरी प्रयोगशाळेने 2023 साली असा सुधारलेला संवेदक वापरून दाखवले की पानांभोवतीची हवा कोरडी झाली की मुळाच्या लांबणाऱ्या भागात अॅब्सिसिक आम्ल साठते आणि त्याच्या आधाराने मूळ वाढत राहते. मार्च-एप्रिलमध्ये सोलापुरात जी कोरडी हवा नाकाला जाणवते तिची खबर मुळाच्या टोकाशी कशी पोहोचते, हे यातून प्रथमच पेशीगणिक दिसले.

सोलापूरने हा प्रश्न फार आधी, बाहेरच्या बाजूने विचारला होता. 1933च्या सुमारास देशात कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची जी मोजकी केंद्रे सुरू झाली त्यांत सोलापूर होते. या कामात आयुष्य वेचलेले ना. वि. कानिटकर यांचा ‘ड्राय फार्मिंग इन इंडिया’ हा ग्रंथ 1944 साली प्रसिद्ध झाला. माती किती खोलवर किती ओल धरते, बांधबंदिस्तीने ती किती वाढते, पेरा किती विरळ ठेवावा, याची मोजमापे त्या पिढीने घेतली. 1930च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक वाणांतून निवडलेली मालदांडी 35-1 आजही रब्बी ज्वारीची ओळख आहे. त्या लोकांनी मातीतून वाट काढली. पेशीच्या आत डोकावण्याचे साधन तेव्हा कोणाकडेच नव्हते.

कोरडवाहू ज्वारीला तीन कोळपण्या द्याव्यात, अशी शिफारस आहे. पहिली पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात, दुसरी पाचव्या, आणि तिसरी आठव्या आठवड्यात, दातेरी कोळप्याने. तिसऱ्या कोळपणीचा हेतू उघड आहे : भेगा बुजवायच्या, म्हणजे ओल उडून जात नाही. वरचे संशोधन वाचल्यापासून मला त्यात आणखी एक शक्यता दिसते. भेग बुजली की उघडे पडलेले मूळ पुन्हा मातीला टेकते. मग त्या टप्प्यात उपमुळे फुटण्याचा बंद झालेला मार्ग परत खुला होत असेल का? ही माझी अटकळ आहे, सिद्धांत नाही. पण ती ज्वारीच्या मुळावर, जिवंत पेशीत तपासून पाहता येईल अशी अटकळ आहे. आपल्याकडच्या एखाद्या मुलामुलीने ती हाती घ्यावी, एवढ्यासाठीसुद्धा हे पुस्तक लिहायला हवे होते.

ज्या प्रथिनापासून सारे सुरू झाले ते वनस्पतीतले नाही, जेलीफिशमधले आहे. ओसामू शिमोमुरा यांनी ते शोधले. 1945च्या ऑगस्टमध्ये ते सोळा वर्षांचे होते आणि नागासाकीजवळच्या इसाहाया गावात होते. अणुबाँबच्या लखलखाटाने त्यांना काही क्षण काहीच दिसेना. पुढे अमेरिकेत फ्रँक जॉन्सन यांच्यासोबत त्यांनी 1961च्या उन्हाळ्यात फ्रायडे हार्बर इथे सुमारे 10,000 जेलीफिश गोळा केले आणि त्यांच्या छत्रीच्या चमकणाऱ्या कडा कापून अर्क काढला. 1962च्या शोधनिबंधाचा मुख्य विषय निळा प्रकाश देणारे एक्वोरिन हे प्रथिन होता. सोबत सापडलेल्या हिरव्या प्रथिनाला तळटीपेएवढी जागा मिळाली. ते तळटीपेतले प्रथिन म्हणजे ग्रीन फ्लुरोसंट प्रोटीन, जीएफपी.

तीस वर्षांनी, 1992 साली डग्लस प्रॅशर यांनी त्याचे जनुक वेगळे केले आणि मागणाऱ्यांना ते पाठवून दिले. मार्टिन चाल्फी यांनी 1994 साली ते जीवाणूत आणि एका सूक्ष्म कृमीत घालून दाखवले की जेलीफिशचे दुसरे काहीही सोबत नसताना ते चमकते. रॉजर त्सिएन यांनी त्यात एकेक अमिनो आम्ल बदलून ते अधिक तेजस्वी केले आणि त्यापासून नवे रंग मिळवले. शिमोमुरा, चाल्फी, त्सिएन या तिघांना 2008चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रॅशर यांचे संशोधनाचे अनुदान त्याआधीच आटले होते. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा ते अमेरिकेतल्या एका शहरात मोटारविक्रेत्याकडे ग्राहकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते. चाल्फी आणि त्सिएन यांनी त्यांना आवर्जून स्टॉकहोमला नेले. विज्ञानात हातातली वस्तू दुसऱ्याला देऊन टाकण्यालाही शोधाइतकेच मोल असते असे मी मानतो. म्हणून प्रॅशर यांचे नाव या पुस्तकात जिथे जिथे यायला हवे तिथे आले आहे.

हे प्रथिन 238 अमिनो आम्लांचे. त्याची घडी अशी पडते की अकरा पट्ट्यांचे एक नळकांडे तयार होते आणि त्याच्या मध्यभागी 65, 66 आणि 67 क्रमांकांची तीन अमिनो आम्ले एकमेकांशी जोडली जाऊन प्रकाश शोषणारा भाग घडतो. कंदिलाच्या काचेने वात सांभाळावी तसे ते नळकांडे या भागाला बाहेरच्या पाण्यापासून सांभाळते. हा भाग घडायला ऑक्सिजन सोडून कशाचीही मदत लागत नाही. म्हणूनच समुद्रातल्या प्राण्याचे जनुक तंबाखूत, भातात, कांद्यात काम करू शकते.

अर्थात वनस्पतींनी ते लगेच स्वीकारले असे नाही. संशोधनात नेहमी वापरल्या जाणाऱ्या अरेबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपात जनुक घातले तरी चमक येईना, किंवा अगदीच मंद येई. केंब्रिजच्या जिम हॅसलॉफ यांनी कारण शोधले. जनुकातल्या 84 अक्षरांच्या एका भागाला वनस्पतीची पेशी निरुपयोगी समजून कापून टाकत होती आणि उरलेल्यातून मोडके प्रथिन बनत होते. प्रथिनाचा अर्थ तोच राहील अशा बेताने त्यांनी त्या भागातली अक्षरे बदलली आणि रोप चमकू लागले. 1997च्या त्या निबंधाच्या लेखकांत प्रॅशर यांचेही नाव आहे. जेन शीन यांच्या गटानेही त्याच सुमारास वनस्पतींना मानवेल असे बदललेले जनुक तयार केले होते. आज जगभर वनस्पतींत जो जीएफपी वापरला जातो तो अशा दुरुस्त्या झालेला आहे.

प्राण्याच्या पेशीपेक्षा वनस्पतीची पेशी पाहणे अवघड का, हे एकदा नीट समजून घ्यायला हवे, कारण पुढची निम्मी प्रकरणे त्या अडचणींभोवती फिरतात. पहिली अडचण म्हणजे पान स्वतःच चमकते. निळा प्रकाश पडला की हरितद्रव्य 680 नॅनोमीटरच्या आसपासचा गडद लाल प्रकाश सोडते. जीएफपीचा हिरवा 509च्या जवळ असतो, म्हणून गाळण्या लावून दोन्ही वेगळे करता येतात. पण लाल प्रथिन वापरायचे असेल तर फार काळजी घ्यावी लागते. जलवाहिनीच्या भिंतींतले लिग्निनही निळसर-हिरवे उजळते. दुसरी अडचण आम्लतेची. पेशीभित्तिकेतला आणि मोठ्या रिक्तिकेतला द्रव आम्लधर्मी असतो, तिथे जीएफपी मंदावतो आणि प्रथिन जागेवर असूनही दिसत नाही. अशा ठिकाणी प्रवाळांच्या जातीतल्या प्राण्यांपासून मिळालेली, आम्लाला टिकणारी लाल प्रथिने कामी येतात. तिसरी अडचण जाडीची. मुळाचे किंवा पानाचे दहा थर एकावर एक असताना हव्या त्या एकाच थराचा प्रकाश कसा टिपायचा? मार्विन मिन्स्की यांनी 1957 साली ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला तो कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक इथे उपयोगी पडतो. डिटेक्टरच्या पुढे एक बारीक छिद्र असते. ज्या प्रतलावर लेसर केंद्रित आहे तिथलाच प्रकाश त्यातून पार होतो, वरखालच्या थरांतला अडतो. ब्लेड न लावता काप मिळतो आणि मूळ वाढत राहते.

इथे कांद्याचा उल्लेख करायलाच हवा. सोलापूरच्या बाजार समितीत हंगामात कांद्याच्या गाड्यांच्या रांगा लागतात आणि आपल्या प्रत्येक शाळेत पेशीचा पहिला प्रयोग कांद्याच्या पातळ पापुद्र्यावर होतो. हाच पापुद्रा जनुकशास्त्राच्या इतिहासात मानाने बसलेला आहे. 1987 साली कॉर्नेल विद्यापीठातल्या जॉन सॅनफर्ड, थिओडोर क्लाइन आणि सहकाऱ्यांनी टंगस्टनच्या अतिसूक्ष्म कणांवर न्यूक्लिइक आम्ल चढवून ते कण बंदुकीने पेशींत मारले. पेशी निवडल्या होत्या कांद्याच्या. त्या मोठ्या असतात, एकाच थरात असतात आणि कण आत शिरला तरी तग धरतात. पुढे टंगस्टनऐवजी सोन्याचे कण आले आणि जीएफपी आल्यावर कांद्याच्या पापुद्र्याचा आणखी एक गुण लक्षात आला : त्यात हरितलवके नसतात, त्यामुळे लाल झगमगाट नाही. जनुक मारून पापुद्रा रात्रभर ओलसर ठेवला की दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर इकडे-तिकडे एकेकटी पेशी हिरवी उजळलेली दिसते.

त्या एका पेशीपाशी थोडे थांबावे. साधा जीएफपी आकाराने लहान, म्हणून तो पेशीद्रवातून केंद्रकातही शिरतो. केंद्रक कडेला सरकलेले दिसते, कारण मधली बहुतेक सारी जागा रिक्तिकेने व्यापलेली आहे, तिथे अंधार. त्या अंधारातून पेशीद्रवाचे बारीक धागे इकडून तिकडे गेलेले असतात आणि त्यांतून कण वाहत असतात, काही एका दिशेने, काही शेजारच्याच धाग्यातून उलट्या दिशेने. प्रथिनाला आंतर्द्रव्यजालिकेचा पत्ता जोडला तर सगळे चित्रच बदलते. पेशीच्या कडेने एक जाळे उमटते, त्याच्या नळ्या काही सेकंदांत एकमेकींना जुळतात, सुटतात, पुन्हा दुसरीकडे जुळतात. शाळेच्या वहीत आपण केंद्रकाशेजारी ज्या दोन-चार वळ्या काढून बाण मारतो तो अवयव असा अहोरात्र हलत असतो. हरितलवकाचेही तसेच. 1997 साली रेनर कोलर, मॉरीन हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरितलवकात जीएफपी घालून पाहिले, तेव्हा त्यांतून निघणाऱ्या आणि काही वेळा दोन लवकांना जोडणाऱ्या पातळ नळ्या दिसल्या. काही जुन्या निरीक्षकांनी त्या पाहिल्या होत्या, पण त्यांचे कोणी मनावर घेतले नव्हते. आपल्या पाठ्यपुस्तकांत हरितलवक अजूनही बंद, अंडाकृती आणि स्थिर आहे. ही आकृती बदलण्याची वेळ केव्हाच झाली आहे.

हलणारे चित्र मिळाले की प्रश्नही बदलतात. 2018 साली मासात्सुगु टोयोटा आणि सायमन गिलरॉय यांनी कॅल्शियम वाढले की उजळणारे प्रथिन असलेल्या रोपावर अळी सोडली. अळीने एक पान कुरतडले आणि जखमेपासून प्रकाशाची लाट शिरांतून निघाली. सेकंदाला साधारण मिलिमीटरभर वेगाने, दोन-तीन मिनिटांत दूरच्या पानांत. तिथे, अळी पोहोचण्याआधीच, संरक्षणाची तयारी सुरू झाली. ही चित्रफीत मी वर्गात दाखवतो तेव्हा शेतकरी घरांतली मुले ती पुन्हा पुन्हा लावायला सांगतात.

दिसले म्हणून सिद्ध झाले, असे मात्र मुळीच नाही. या बाबतीत मी वाचकाला आग्रहाने सावध करतो. प्रथिन भरपूर तयार व्हावे म्हणून बहुधा फुलकोबीच्या एका विषाणूतला जोरदार प्रवर्तक वापरतात. मग पेशीत त्या प्रथिनाची इतकी गर्दी होते की ते एरवी जिथे नसते तिथेही आढळते. चमकणारे शेपूट जोडल्याने मूळ प्रथिनाचे काम बिघडू शकते. लेसरचा मारा फार झाला तर चमक विझतेच, पेशीलाही इजा होते. आणि मूळ हा तर अंधारात वाढणारा अवयव, त्याला उजेडात धरणे हाच एक ताण आहे. म्हणून साधे, काहीही न घातलेले रोप त्याच दिवशी, त्याच मांडणीत शेजारी पाहिलेले असले पाहिजे. जोडलेले प्रथिन मूळ प्रथिनाची उणीव भरून काढते की नाही हे तपासले पाहिजे. सुंदर चित्र पाहून हुरळून जाणे हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा धोका आहे.

आता डाळिंब. सोलापूरच्या डाळिंबाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि केगावला 2005पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. या पिकाचा वैरी तेल्या. सांगोला-पंढरपूर पट्ट्यात त्याने बागा कशा उपटायला लावल्या हे इथल्या वाचकाला मी सांगायला नको. पानावर तेलकट, पाणथळ डाग, भोवती पिवळे वलय. फळावर काळा डाग आणि मग त्याला पडणाऱ्या भेगा. रोगकारक जीवाणू झँथोमोनास प्रजातीतला. तो पर्णरंध्रांतून आणि जखमांतून आत शिरतो, म्हणून पावसाळी हवेतल्या मृग बहाराला त्याचा जाच जास्त. पण शिरल्यानंतर पहिला डाग दिसेपर्यंत आत काय चालते? डाग हा रोगाचा शेवटचा अंक असतो, आणि फवारणीची धावपळ बहुतेक वेळा त्यानंतरची.

अशा वेळी वनस्पतीऐवजी जीवाणूलाच चमकवता येते. लिंबावरच्या खैऱ्याचा जीवाणू तेल्याच्या जीवाणूचा जवळचा नातेवाईक आहे. त्याच्यात जीएफपी घालून तो पानावर कसा चिकटतो, एकमेकांना धरून कसा थर बनवतो हे पाहिले गेले आहे. हाच मार्ग तेल्यासाठी खुला आहे आणि त्यात एक मोठी सोय आहे : डाळिंबाचे झाड जसेच्या तसे राहते, बदलायचा तो फक्त जीवाणू, आणि तो बंदिस्त प्रयोगशाळेत. कोणत्या वाणाच्या पानात तो लवकर पसरतो, कोणत्या तापमानाला रंध्राशीच अडकतो, बोर्डो मिश्रण नेमके कुठे काम करते, यांची उत्तरे डाग उमटण्याआधी मिळू शकतील. एखाद्या संस्थेने सोलापुरात एकच कॉन्फोकल यंत्र घ्यायचे ठरवले तर मी पहिली तबकडी या कामाची ठेवीन.

ज्वारीची गोष्ट याहून कठीण आहे. तिच्यात बाहेरचे जनुक घालणे फार वर्षे जमत नव्हते. पर्ड्यू विद्यापीठातल्या गटाने 1993 साली कणबंदुकीने ते साधले, 2000 साली मातीतल्या अॅग्रोबॅक्टेरियम या जीवाणूच्या मदतीने साधले गेले. ज्वारीचे कोवळे ऊतक काचेच्या नळीत ठेवले की त्यातून जांभळट फिनॉलिक द्रव्ये झिरपतात, माध्यम काळवंडते आणि पेशी मरू लागतात. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना ती निराशा ठाऊक आहे. 2009 साली ज्वारीचा सुमारे 73 कोटी अक्षरांचा जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि गेल्या काही वर्षांत पुनर्जननाला चालना देणारी जनुके वापरून यश वाढले आहे. सोलापुरात रब्बी ज्वारीचे केंद्र आहे, मोहोळला कृषी विद्यापीठाचे केंद्र आहे, तीनशे किलोमीटरच्या आत हैदराबादजवळ इक्रिसॅट आहे, पुण्यात आयसर आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहेत. मालदांडीच्या मुळात चमकणारा संवेदक घालायला लागणारी माणसे आणि ज्ञान असे हाकेच्या अंतरावर आहे.

पण प्रश्न इथून निघायला हवा. आजवरची बहुतेक उत्तरे अरेबिडॉप्सिसच्या केसाएवढ्या मुळावर मिळाली. त्यात बाह्यत्वचेच्या आत बाह्यकाचा एकच थर असतो, ज्वारीच्या मुळात अनेक. ज्वारीला खोडाच्या तळातून निघणारी वेगळी मुळे असतात, आणि तिला वाढायचे असते आक्रसणाऱ्या, तडकणाऱ्या मातीत. अॅगारच्या पारदर्शक तबकडीत वाढलेल्या विलायती रोपाने दिलेले उत्तर तिला लागू पडेलच हे गृहीत धरणे मला पटत नाही. ज्यांच्या घरात कडबा आणि भाकरी या दोन्हींचा हिशोब एकाच पिकावर बसतो, त्यांच्या मुलांनी हे तपासावे.

कायद्याची बाजूही स्पष्ट सांगतो. चमकणारे रोप हे जनुकीय बदल केलेले रोप आहे. पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या 1989च्या नियमांनुसार संस्थेच्या जैवसुरक्षा समितीच्या संमतीशिवाय असे काम करता येत नाही. ही रोपे शेतात जाण्यासाठी नसतात. बंदिस्त हरितगृहात वाढतात आणि काम संपले की वाफेच्या दाबाखाली नष्ट करून मगच टाकतात. बीटी वांग्याच्या वेळी 2010 साली देशभर जी चर्चा झाली ती खाण्याच्या पिकाविषयी होती. इथे जनुक हे मापनाचे साधन आहे, त्यातून जे ज्ञान मिळते ते साध्या, न बदललेल्या वाणांच्या पैदाशीत आणि मशागतीत वापरायचे आहे. तरीही शंका विचारणाऱ्या शेतकऱ्याला उत्तर द्यायला संशोधक बांधील आहे आणि ते उत्तर मराठीतच मिळाले पाहिजे.

पुस्तक बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला समजेल आणि शेतीत रस असलेल्या कोणालाही झेपेल असे ठेवले आहे. रेणूंची रचना सांगणारे तिसरे प्रकरण जड वाटले तर सोडून पुढे जावे. मुळांवरचे आणि तेल्यावरचे प्रकरण त्याच्याविना कळते. यंत्रांची किंमत कोटींत असते, म्हणून ज्या महाविद्यालयात ती नाहीत तिथेही करता येतील असे प्रयोग प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दिले आहेत.

त्यातला पहिला आजच करता येईल. ज्वारीची किंवा पालकाची दोन पाने बारीक चिरून खलबत्त्यात कुटावीत, औषधाच्या दुकानातले थोडे स्पिरिट घालून गाळून घ्यावे आणि तो हिरवा अर्क काचेच्या बाटलीत भरावा. स्पिरिट लगेच पेट घेते, तेव्हा जवळपास गॅस किंवा काडी पेटलेली नसावी. खोली अंधारी करावी आणि नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चचा झोत बाटलीवर बाजूने टाकावा. डेव्हिड ब्रूस्टर यांनी 1834 साली सूर्यकिरणाने जे पाहिले तेच दिसेल : हिरवा अर्क झोताच्या वाटेवर रक्तासारखा लाल होतो. तोच झोत नंतर ताज्या, न कुटलेल्या पानावर टाकावा. तिथे लाल फारच फिके का दिसते, शोषलेला प्रकाश तिथे कुठे खर्च होतो, याचा विचार करून दोन ओळी वहीत लिहाव्यात आणि मग पहिले प्रकरण उघडावे.